विहिरीचा डास आणि पावसाचे पंचांग

मुंबई बेटावर इंग्रजांचा अंमल बसून एक पिढी लोटते न लोटते, तोच त्या बेटाच्या हवेविषयी एक म्हण रूढ झाली होती, आणि तिचा आशय असा की येथे उतरलेल्या परदेशी माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासवृत्तात ती नोंदवून ठेवली. म्हणीत अतिशयोक्ती असायचीच. परंतु मृत्यूची मोजदाद वर्षांनी न करता पावसाळ्यांनी करावी असे ज्यांना वाटले, त्यांची नजर चुकलेली नव्हती. ताप पावसाबरोबर डोके वर काढतो, पाऊस ओसरू लागला म्हणजे शिगेला पोहोचतो आणि पुढे हळूहळू विरतो, एवढे वखारीतल्या कारकुनांना आणि किल्ल्यावरच्या शिपायांना अनुभवाने ठाऊक झाले होते. कारण मात्र ज्याला जे सुचेल ते तो सांगे. कोणी नारळीच्या बुंध्याशी घातल्या जाणाऱ्या कुजक्या मासळीच्या खताकडे बोट दाखवी, तर कोणी भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडून दुर्गंधी सोडणाऱ्या खाजणांना दोष देई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात वरळीच्या खिंडीला बांध पडला आणि बेटाच्या पोटात शिरणारा समुद्र बाहेर अडवला गेला. त्यामुळे जमीन पुष्कळ मिळाली, तापाने मात्र आपला मुक्काम हलवला नाही.

आपल्या वैद्यकात या तापाचा विचार फार प्राचीन काळापासून झालेला आहे. चरकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले, आणि खेड्यापाड्यांतील माणसे ज्याला हिवताप किंवा एकांतरा म्हणत आली, त्याची दिवसाआड भरणारी हुडहुडी त्या वर्गीकरणात अचूक पकडली गेली होती. म्हणजे या रोगाच्या अंगी दोन लयी होत्या, एक रोग्याच्या देहातील आणि दुसरी वर्षाच्या ऋतुचक्रातील. पहिलीचा उलगडा होण्याची वाट १८८० मध्ये मोकळी झाली, जेव्हा अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी जंतू प्रथम पाहिला. दुसरीच्या उलगड्यास सुरुवात झाली ती २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस याने ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरावर त्या जंतूची वाढ होत असलेली पाहिली तेव्हा. पुढच्या वर्षी कलकत्त्यास त्याने पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र सिद्ध केले, इटलीत ग्रासी आणि त्याचे सहकारी यांनी मानवी हिवताप अ‍ॅनॉफेलीस जातीच्याच डासांमार्फत पसरतो हे दाखवले, आणि शतक पालटता पालटता प्रश्नाचे स्वरूपच बदलून गेले. हवा आणि दलदल मागे पडली. आता विचारायचे होते ते एवढेच की कोणता अ‍ॅनॉफेलीस, कोणत्या पाण्यात, आणि कोणत्या महिन्यात?

हा तिसरा प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे, परंतु हिवतापाच्या इतिहासात सर्वांत अधिक फसगत त्यानेच केली. आणि त्याचा पाठपुरावा करणाऱ्या आरंभीच्या निरीक्षकांपैकी एकाचे काम आपल्या वऱ्हाडात झाले, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी विदित नाही.

एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे इमादशाहीची राजधानी म्हणून एके काळी गाजलेले शहर. सापन आणि बिचन या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या या गावापासून मेळघाटचे डोंगर हाकेच्या अंतरावर, आणि शेजारी परतवाड्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी. वऱ्हाड मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि पलटण नावाला निजामाची पण हुकमतीला इंग्रजांची, अशी ती चमत्कारिक व्यवस्था तेव्हा चालू होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डब्ल्यू. ग्लेन लिस्टन नावाच्या तरुण डॉक्टराने तेथे वर्षभर अ‍ॅनॉफेलीस डासांच्या सवयी न्याहाळल्या आणि तो अनुभव १९०१ च्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केला. रॉसच्या शोधाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि बहुतेक संशोधक डासांच्या जातींची नावनिशी लावण्यातच गुंतलेले असताना या माणसाने एकाच ठिकाणी बसून बाराही महिने पाहण्याचा मार्ग पत्करला, हे मला त्याच्या सर्व कामगिरीत विशेष वाटते. तेथील एका जातीला त्याने जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स या हिवतापतज्ज्ञाचे नाव दिले, आणि तेव्हापासून ‘अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्सी’ ही जात शास्त्राच्या दफ्तरी दाखल झाली. तिचे मूळ स्थान म्हणून प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत एलिचपूरचे नाव आजतागायत छापले जाते.

वर्षभर पाहण्याची मातब्बरी कशासाठी, हे समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. हिवतापाच्या रोग्यास चावलेली डासाची मादी लगेच रोग देऊ शकत नाही. तिच्या पोटात गेलेल्या जंतूची वाढ होऊन तो तिच्या लालापिंडापर्यंत पोहोचण्यास, आपल्याकडील पावसाळी उबेत, सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. हवा थंड होत गेली की ही मुदत लांबते, आणि सुमारे सोळा अंश सेल्सियसच्या खाली ती क्रियाच थांबते. आता समजा की एका गावात दररोज दहांत एक या प्रमाणात डास मरतात. तर शंभरांपैकी बाराव्या दिवशी अठ्ठावीस शिल्लक राहतील. तेच जर दुसऱ्या गावात दररोज चारांत एक मरू लागले, तर बाराव्या दिवशी जेमतेम तीन उरतील. संख्या तीच, पाणवठे तेच. परंतु पहिल्या गावात ताप घरोघर आणि दुसऱ्यात क्वचित. जॉर्ज मॅक्डोनल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हा मुद्दा गणिताने पक्का केला. वऱ्हाडातील वैशाखात, जेव्हा पारा बेचाळीसच्या वर चढतो आणि हवेतला ओलावा पार सुकतो, तेव्हा एखाद्या विहिरीच्या गारव्याला डास जगतात खरे, परंतु म्हातारे होत नाहीत. आणि तरुण डास चावला तरी त्याच्याकडून हिवताप मिळत नाही. पहिल्या पावसाने पाणवठे वाढतात हे सर्वांस दिसते, परंतु त्याच पावसाने हवा दमट होऊन डासांचे आयुर्मान वाढते, हे दिसत नाही. रोगाची लाट पावसामागून काही आठवड्यांनी येते, कारण आधी पिढ्या वाढाव्या लागतात, मग त्यांतील काही माद्यांना वार्धक्य यावे लागते, आणि मग एका रोग्याचे दोन, दोनांचे पाच होत जातात.

एवढ्यावरून असे वाटेल की पाऊस मोजला की ताप सांगता येईल. पंजाबात १९०८ साली अतिवृष्टीपाठोपाठ आलेल्या भयंकर साथीचा अभ्यास करून एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी पाऊस आणि धान्याचे भाव यांचा मेळ घालीत जवळजवळ तसे करून दाखवलेही. मुंबईने मात्र हा हिशेब चुकवला.

लिस्टन यांची बदली पुढे मुंबईस झाली आणि परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या पिसवांवरील संशोधनाने त्यांचे नाव झाले. परंतु हिवतापाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई बंदरात अलेक्झांड्रा गोदीचे प्रचंड काम चालू झाले होते. ती आजची इंदिरा गोदी. तिच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे, आणि तेथील कचेऱ्यांत जाणाऱ्या-येणाऱ्यांस आपण हिवतापाच्या एका इतिहासप्रसिद्ध साथीच्या मातीवरून चालतो याची कल्पना नसते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले मजूर, खोदलेल्या खड्ड्यांत साचणारे पाणी, आणि शेजारी फोर्टातील दाट वस्ती, असा त्रिवेणी योग जुळला आणि ताप भडकला. लिस्टन यांनी १९०८ मध्ये या साथीवर लिहिलेला निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि वाहक म्हणून त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवले तो डास होता स्टीफेन्सी. वऱ्हाडच्या छावणीत ज्याचे त्यांनी बारसे केले होते, त्याच्यावर मुंबई बंदरात आरोपपत्र ठेवण्याचा प्रसंगही त्यांच्याच वाट्याला यावा, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर वाचकांनी नाक मुरडले असते.

तरीही गोदी हे निमित्त होते. ताप फोर्टात आणि भोवती रेंगाळत राहिला, तेव्हा सरकारने चार्ल्स ए. बेंटली यांना चौकशीसाठी आणले. बेंटली यांचा पूर्वानुभव आसाम-बंगालकडील चहामळ्यांचा आणि तराईचा. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने मुंबईच्या हिवतापाचे मूळ खाजणात नाही, गटारात नाही आणि कचऱ्याच्या ढिगातही नाही, तर घराघरांच्या आवारातील स्वच्छ, गोड्या, पूज्य मानल्या गेलेल्या विहिरींत आहे असे सांगितले. शहरात डासांची कमतरता कधीच नव्हती. परंतु ज्यांच्या गुणगुणीने रात्रीची झोप उडे ते बहुतांशी गटारात वाढणारे क्यूलेक्स डास, आणि हिवतापाशी त्यांचा काही संबंध नाही. स्टीफेन्सी संख्येने थोडा, आवाजाने हलका आणि राहणीने नेटका. त्याला निर्मळ पाणी लागते, आणि असे पाणी गरिबाच्या चाळीपेक्षा ऐपतदाराच्या वाड्यात, कारंज्यात, बागेतल्या हौदात आणि गच्चीवरल्या टाकीत अधिक सापडते. घाणीला रोगाचे माहेर मानण्याची शिकवण ज्या पिढीने नुकतीच आत्मसात केली होती, तिला हे पचवणे कठीण गेले यात नवल नाही.

ऋतूच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व फार मोठे आहे. अरण्यातील किंवा शेतातील डासाचे पाणी आकाशातून येते आणि उन्हाळ्यात आटते, म्हणून त्याच्या वंशाला दरवर्षी अगदी थोड्या शिलकेवर नव्याने संसार मांडावा लागतो. विहीर आटत नाही. चैत्र-वैशाखात जेव्हा भुईवरचे सर्व पाणवठे कोरडे असतात, तेव्हाही भुलेश्वर-गिरगावातील आणि फोर्टातील विहिरींच्या काळोख्या गारव्यात स्टीफेन्सीची वाढ अव्याहत चालू असे. त्यातून मुंबईच्या समुद्रकाठच्या हवेत ना नागपूरसारखा कोरडा उन्हाळा, ना पंजाबसारखी जंतूची वाढ गोठवणारी थंडी. जून उजाडला की ही साठवलेली फौज विहिरीतून बाहेर पडून पन्हळी, कुंड्या, पिंपे, उघड्या टाक्या आणि बांधकामावरचे हौद अशा असंख्य नव्या ठाण्यांचा कब्जा घेई, आणि श्रावणापासून पुढे तापाचा आलेख चढू लागे. आषाढातल्या मुसळधारेने भुईवरच्या डबक्यांतील अळ्या वाहून जातात हे खरे, परंतु कठड्याच्या आतील विहिरीचे पाणी त्या मुसळधारेला दाद देत नाही. स्टीफेन्सी हा मनुष्यवस्तीचा घरजावई आहे. त्याच्या खाण्यापिण्याची तरतूद सासऱ्याने बारमाही करून ठेवलेली असते.

ही तरतूद बंद करावी एवढाच बेंटली यांच्या अहवालाचा मथितार्थ होता, आणि तेथूनच खरा तंटा सुरू झाला. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानशाचे १८९२ मध्ये मिळू लागले होते. नळ आले, आता विहिरींचे काम काय, असा अंमलदारांचा साधा सवाल होता. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या खात्याकडून मालकांना विहिरी बुजवा किंवा त्या डास-बंद झाकणाने झाका अशा नोटिसा निघू लागल्या. मालकांच्या कैफियती वाचल्या म्हणजे मुंबईच्या वस्तीचा एक अंतरंग नकाशाच उलगडतो. पारशी कुटुंबांच्या धर्मविधींना विहिरीचे पाणी लागे, आणि ते सूर्यप्रकाश पडलेले असावे असा त्यांचा आग्रह. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर त्या श्रद्धेची साक्ष देत अजून उभी आहे. हिंदू घरांत विहिरीला हळदकुंकू वाहिले जाई, विवाहादी मंगलकार्यांत तिची पूजा होई, आणि पुष्कळ विहिरींत कोणी तरी सत्पुरुष, देवता किंवा पीर वास करतो अशी मालकाची दृढ समजूत असे. अशा विहिरीवर हात टाकणाऱ्याच्या घरी अनर्थ ओढवल्याच्या कहाण्या गल्लीगल्लीत चालत. महापालिकेतील एक विद्वान अधिकारी रुस्तुम पेस्तनजी मसानी यांच्या कानांवर या कहाण्या इतक्या पडल्या की त्यांनी त्यांचा मागोवा घेत विहिरींच्या लोकश्रद्धांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. एका डासाच्या बंदोबस्तातून लोकसाहित्याचा ग्रंथ जन्मास यावा, असे उदाहरण जगात अन्यत्र असल्यास मला ठाऊक नाही.

अखेर तडजोड निघाली ती बारीक तारेच्या जाळीची: विहीर वरून झाकायची, परंतु झाकणात जाळीचा दरवाजा ठेवायचा, म्हणजे सूर्याचे किरण आत जातील आणि डास बाहेर येणार नाही. या तडजोडीची पुढे पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र यात मालकांचा मूर्खपणा किंवा नुसती धर्मभोळी हेकटाई दिसत नाही. ज्या शहराला नळाचे पाणी येऊन अवघी पन्नास वर्षे झाली होती, आणि तेही दिवसाच्या ठराविक वेळीच मिळे, त्या शहरात विहीर ही घरादाराची ठेव होती. खरी मेख निराळीच होती. नळाचे पाणी अवेळी येते म्हणून प्रत्येक इमारतीने गच्चीवर टाकी बांधली, आणि त्या टाक्यांची झाकणे वर्षाच्या आत गंजली किंवा हरवली. म्हणजे एका हाताने विहीर मिटवीत असता दुसऱ्या हाताने शहर हजारो लहान विहिरी आकाशाशी नेऊन बांधीत होते. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा चौकशी केली तेव्हा आरोपी तोच निघाला. धोबी तलाव, गोवालिया तलाव, दोन टाकी ही पाण्याची जुनी ठिकाणे एव्हाना बुजली होती किंवा बुजण्याच्या वाटेवर होती; स्टीफेन्सीला त्याची फारशी क्षिती वाटली नाही.

मुंबईचा हा पडताळा त्याच इलाख्याच्या दुसऱ्या टोकाशी ताडून पाहिला म्हणजे ऋतूचा प्रश्न किती गहन आहे ते कळते. उत्तर कानडा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरील शिरसी, सिद्धापूर, हल्याळकडच्या सागवानी रानांत आणि सुपारीच्या बागांत, हिवतापाने पिढ्यानपिढ्या वस्ती बसू दिली नाही. तेथील कित्येक तालुक्यांत जनगणनेगणिक माणसे वाढण्याऐवजी घटत गेली. तेथील वाहक फ्लुव्हिएटिलिस नावाचा अ‍ॅनॉफेलीस, आणि त्याचे पाणी म्हणजे गवताच्या काठाने मंद वाहणारा डोंगरी ओढा. आषाढ-श्रावणात जेव्हा मुंबईचा डास भरभराटीला असतो, तेव्हा घाटावरचे ओढे दुथडी भरून वाहतात आणि फ्लुव्हिएटिलिसच्या अळ्या त्या लोंढ्यात निघून जातात. आश्विन-कार्तिकात पाणी निवळते, प्रवाह मंदावतो, काठावर गवत वाढते, आणि तेव्हा त्याचा हंगाम सुरू होतो. तो मार्गशीर्ष-पौषात ऐन भरात असतो आणि पुढेही बराच काळ टिकतो. देशावरील सपाट मुलखात तिसराच डास, क्युलिसिफेसीज. नदीपात्रातील डबकी, भातखाचरे, कालव्यांचे पाझर यांत तो वाढतो, श्रावण-भाद्रपदात त्याची संख्या कळसाला जाते, आणि जेथे पाटबंधाऱ्याचे पाणी फाल्गुन-चैत्रातही खेळत असते तेथे त्याला वर्षात दुसरे लहानसे पीक मिळते. एकच इलाखा, एकच सरकार, एकच रोग, आणि पंचांगे तीन! मुंबईच्या सचिवालयातून सुटलेले एकच परिपत्रक तिन्ही मुलखांना लागू करण्याचा शिरस्ता ज्यांनी पाडला, त्यांच्या आरोग्य-मोहिमा कधी वेळेआधी तर कधी वेळेनंतर का पोहोचत, हे यावरून ध्यानी येते.

यातही एक पोटभेद आहे. स्वीट आणि राव या संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की स्टीफेन्सीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखी नसतात; अंड्याला तरंगत ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वातपटलांवरील वळ्यांची संख्या मोजली असता शहरी आणि ग्रामीण असे निरनिराळे वाण ओळखता येतात. ग्रामीण वाण गुरांचे रक्त पसंत करतो आणि हिवतापाच्या प्रसारात त्याचा हात नगण्य आहे. खेड्यातल्या विहिरीतही स्टीफेन्सी सापडतो आणि तरीही तेथे मुंबईसारखा ताप नसतो, या कोड्याचे पुष्कळसे उत्तर त्या वळ्यांत होते.

डी. के. विश्वनाथन यांच्याकडे मुंबई इलाख्याच्या हिवताप-निवारणाची सूत्रे असताना त्यांनी आणि टी. रामचंद्र राव यांनी १९४६ मध्ये धारवाड व कानडा जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा जो प्रयोग केला, त्याचे यश आता सर्वज्ञात आहे. माझ्या मते त्या यशात औषधाइतकाच वाटा त्या दोघांच्या ऋतुज्ञानाचा होता. भिंतीवरील औषधाचा प्रभाव काही महिनेच टिकतो. तेव्हा ते कोणत्या आठवड्यात लावायचे हा सारा प्रश्न. फ्लुव्हिएटिलिस रात्री चावून घरातच भिंतीवर विसावतो, त्यामुळे त्याच्या हंगामाच्या तोंडावर फवारा बसला की तो गाव सोडून जवळजवळ नाहीसा होई. कानड्याच्या रानांत माणसे परत वस्तीला आली. याच अनुभवाच्या पायावर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, १९५८ मध्ये त्याचे उच्चाटन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि ज्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास दरसाल साडेसात कोटी लोकांस हा ताप येत असे असा अंदाज होता, तेथे १९६५ च्या सुमारास रोग्यांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली.

क्युलिसिफेसीजने मात्र तेवढ्या सहजासहजी हार पत्करली नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात १९५९ मध्ये तो डीडीटीस दाद देईनासा झाल्याचे आढळले, आणि १९७६ पर्यंत देशातील रोग्यांची संख्या चौसष्ट लाखांवर चढली. शहरांची कथा याहून उपेक्षेची. भिंतीवर फवारण्याची मोहीम मुळात खेड्यांसाठी आखलेली. शहरातील डास नगरपालिकांनी पाण्यातच मारावा, असे गृहीत धरून तो कागदोपत्री नगरपालिकांच्या गळ्यात घातला गेला होता. १९७१ मध्ये शहरी हिवतापासाठी निराळी योजना काढावी लागली, तोवर मुंबईत विहिरींची जागा बांधकामांनी घेतली होती: स्लॅबवर ओलाव्यासाठी साठवलेले पाणी, उद्‌वाहकाच्या खड्ड्यात साचलेले पाणी, आणि त्याच जागी झोपणारा, आपल्या गावाकडून रक्तात जंतू घेऊन आलेला मजूर. अलेक्झांड्रा गोदीतील त्रिवेणी योग आता एकेका इमारतीच्या पायथ्याशी जुळत होता.

आणि मग हा डास समुद्र ओलांडून गेला. आफ्रिकेतील हिवताप मुख्यतः गॅम्बिये गटातील डासांचा, आणि त्यांचे पंचांग निखालस पावसाचे: पाऊस आला की डबकी, डबकी आली की डास, पाऊस गेला की विसावा. तेथील आरोग्यखात्यांची औषधांची मागणी, मच्छरदाण्यांचे वाटप, फवारणीचे हुकूम हे सर्व त्या पंचांगावर बेतलेले. २०१२ मध्ये जिबूती या बंदरशहरात स्टीफेन्सी प्रथम सापडला. त्या वर्षी साऱ्या जिबूती देशात हिवतापाचे रोगी नोंदले गेले ते अवघे सत्तावीस. २०२० मध्ये तो आकडा त्र्याहत्तर हजारांच्या वर गेला. २०१६ मध्ये हा डास इथिओपियात आढळला. तेथील दिरेदावा हे जिबूती-आदिसअबाबा लोहमार्गाच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या आरंभी वसलेले रेल्वेचे शहर. पाण्याची तेथे नित्याची टंचाई, म्हणून लोक टाक्या, पिंपे आणि हौद भरून ठेवतात. २०२२ च्या आरंभी, पावसाचा मागमूस नसताना, ऐन कोरड्या हंगामात त्या शहरात हिवतापाची साथ उसळली. रोग्यांच्या घरांभोवती आणि विद्यापीठाच्या विद्यार्थिवसतिगृहांभोवती शोध घेतला तेव्हा साठवणीच्या पाण्यात अळ्या सापडल्या त्या प्रामुख्याने स्टीफेन्सीच्या, आणि तेथील अधिकाऱ्यांना पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला आपला बंदोबस्त भर उन्हाळ्यात बाहेर काढावा लागला.